दुसऱ्याच्या शब्दाचा माग

लिबरऑफिसच्या मराठी भाषांतरात मी पहिल्यांदा हात घातला, तेव्हा अगदी साध्या प्रश्नावर अडलो होतो. भाषांतर करणाऱ्याच्या हाती वाक्यं सुटी येतात. ‘सेव्ह ॲज’ एवढेच दोन शब्द समोर असतात. ते मेनूत आहेत, बटणावर आहेत की खिडकीच्या मथळ्यावर, हे दिसत नाही. आणि ते दिसल्याशिवाय ‘साठवा’ लिहायचं की ‘साठवणे’, हे ठरत नाही. म्हणून मी सगळा सोर्स कोड उतरवून घेतला आणि त्यात ते दोन शब्द शोधले. उत्तरं ढिगाने आली. मेनूची ओळ मात्र त्यांत नव्हती. पडद्यावर दिसणारे शब्द कोडमध्ये नाहीत, म्हणजे मी भलताच कोड उतरवला असणार, अशी माझी खात्री झाली आणि ती संध्याकाळ सगळं पुन्हा उतरवण्यात गेली.

कोड बरोबरच होता. मेनूतल्या ‘ॲज’च्या पहिल्या अक्षराखाली एक बारीक रेघ असते. मेनू उघडून ते अक्षर दाबलं की तो पर्याय निवडला जातो. ही रेघ कुठे द्यायची, हे कोडमध्ये त्या अक्षराच्या आधी टिल्डचं चिन्ह घालून सांगितलेलं असतं. दोन शब्दांच्या मधोमध ते चिन्ह बसलेलं, त्यामुळे माझ्या शोधात ती ओळ आलीच नाही. जीटीके वापरणाऱ्या प्रोग्रामांत त्याच जागी अंडरस्कोर असतो. हे माहीत असलेल्याला ती ओळ अर्ध्या मिनिटात सापडते.

हे पुस्तक त्या संध्याकाळपासून मनात आहे. शोधणारा आपल्या शब्दाने शोधतो, कोड मात्र लिहिणाऱ्याच्या शब्दाने लिहिलेला असतो. या दोन शब्दांमधलं अंतर कसं कापायचं, एवढंच मला यात सांगायचं आहे. साधनं पुष्कळ आहेत आणि ती शिकायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो लिहिणाऱ्याने त्या गोष्टीला काय म्हटलं असेल, याचा अंदाज यायला.

लिबरऑफिसचंच उदाहरण थोडं पुढे नेतो, कारण त्यात हे फार स्पष्ट दिसतं. मेनूतली ती ओळ सापडली की तिच्याशेजारी एका आज्ञेचं नाव मिळतं. त्या आज्ञेवरून एका क्रमांकाचं नाव मिळतं, ते ‘एसआयडी’ या अक्षरांनी सुरू होतं. तेच नाव घेऊन पुन्हा शोधलं की प्रत्यक्ष फाइल साठवणारं फंक्शन हाती लागतं. तीन शोध, आणि प्रत्येक वेळी शब्द वेगळा. पण त्याआधी कोणत्या डिरेक्टरीत शिरायचं? लिबरऑफिसमधल्या रायटरचा कोड ‘एसडब्ल्यू’ नावाच्या डिरेक्टरीत आहे, कॅल्कचा ‘एससी’मध्ये, ड्रॉ आणि इम्प्रेसचा ‘एसडी’मध्ये. रायटर आणि लिबरऑफिस या दोन्ही नावांत नसलेला हा ‘एस’ आला कुठून? तो ‘स्टार’चा. या प्रोग्रामचं मूळ जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन या कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. 1999 मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, 2000 मध्ये कोड खुला झाला, त्याचं ओपनऑफिस झालं आणि सप्टेंबर 2010 मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळं निघालं. मेनूच्या ओळी ज्या फाइलीत आहेत, तिच्या पत्त्यात आजही ‘ओपनऑफिस’ हा शब्द आहे. गावाचं नाव बदललं तरी जुन्या वाटांची नावं लोकांच्या तोंडी राहतात, तसं हे आहे, आणि त्या वाटेने जाणाऱ्याला जुनं नाव माहीत असावंच लागतं.

कोडमधल्या टिपा, म्हणजे कॉमेंट, तर कित्येक वर्षं जर्मन भाषेतच होत्या. इंग्रजी शब्द टाकून शोधणाऱ्याला त्यातलं काही सापडणं शक्य नव्हतं. लिबरऑफिस वेगळं झाल्यावर स्वयंसेवकांनी या जर्मन टिपा इंग्रजीत आणण्याचं काम हाती घेतलं. जर्मन टिपा नेमक्या कुठे उरल्या आहेत, हे हुडकणारी एक स्क्रिप्टही त्यांनी लिहून ठेवली. प्रोग्रामिंग न शिकलेल्या, पण जर्मन येणाऱ्या माणसालाही या कामात जागा होती. कोडच्या एकाही ओळीचं वर्तन न बदलता, पुढे येणाऱ्या शेकडो लोकांना तो कोड सापडावा म्हणून वर्षानुवर्षं केलेलं हे काम मला मोलाचं वाटतं.

ज्या साधनाने बहुतेक जण पहिला शोध घेतात, त्या ग्रेपचा जन्मही लिहिणाऱ्याच्या शब्दांचा माग काढण्यातूनच झाला. 1973 च्या सुमाराची, बेल लॅब्जमधली गोष्ट. ली मॅकमेहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अठराव्या शतकातल्या 85 अमेरिकी निबंधांतले कोणते कुणी लिहिले, हे शब्दांच्या सवयींवरून ताडून पाहायचं होतं. युनिक्सवरच्या ‘ईडी’ या एडिटरमध्ये तो मजकूर मावत नव्हता. केन थॉम्प्सन यांनी एडिटरमधला शोधाचा भाग वेगळा काढून स्वतंत्र प्रोग्राम केला, अशी हकिकत ब्रायन कर्निघन यांनी सांगितली आहे. नावही एडिटरच्या आज्ञेवरून पडलं. ‘जी’ म्हणजे सगळीकडे, ‘आरई’ म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, ‘पी’ म्हणजे छापून दाखव. रेग्युलर एक्स्प्रेशनची मूळ कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांची, आणि तिच्यावरून मजकुरात झपाट्याने शोध कसा घ्यायचा, हे थॉम्प्सन यांनी 1968 मध्येच एका निबंधात मांडलं होतं. पन्नास वर्षं उलटली तरी रोजच्या बोलण्यात ‘ग्रेप मारून बघ’ असंच म्हणतात. आज हातातला प्रोग्राम रिपग्रेप असला तरी.

मोठ्या साठ्यात दर वेळी सगळ्या फाइली वाचणं परवडत नाही, तिथे आधीच सूची करून ठेवतात. 2006 मध्ये सुरू होऊन 2012 च्या आरंभी बंद झालेल्या गूगल कोड सर्चमागची युक्ती रस कॉक्स यांनी ते बंद होताना सविस्तर लिहून ठेवली. मजकुराचे तीन-तीन बाइटचे तुकडे करायचे, कोणता तुकडा कोणत्या फाइलीत आहे याची नोंद ठेवायची, आणि शोध आला की ज्या फाइलींत सगळे तुकडे आहेत तेवढ्याच उघडून पाहायच्या. त्याच वर्षी मिखाएल श्टापेलबेर्ग यांनी याच वाटेने डेबियनच्या सगळ्या कोडमध्ये शोध घेणारी सोय उभी केली. एक गोष्ट मराठी वाचकासाठी नोंदवतो. युटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यांतला पहिला प्रत्येक चिन्हाला सारखाच असतो. म्हणजे इंग्रजीत ज्या तुकड्यात तीन अक्षरं मावतात, त्यात आपलं एकच मावतं आणि सूचीची धार तेवढी कमी होते.

शोध घेता यावा म्हणून लिहिणाऱ्यानेही काही करायचं असतं. लिनक्स कर्नेलच्या लेखनशैलीच्या नियमांत लांब ओळी तोडून लिहायला सांगितलं आहे, पण वापरणाऱ्याला दिसणारे संदेश मात्र कधीही तोडू नका, असं बजावलं आहे. कारण स्पष्ट दिलं आहे: संदेश दोन ओळींत तुटला तर ग्रेपला सापडत नाही. ओळीच्या नीटसपणापेक्षा रात्री दोन वाजता एखादा संदेश घेऊन कोड धुंडाळणाऱ्या अनोळखी माणसाची सोय मोठी मानली आहे. हा नियम मी प्रथम वाचला तेव्हा लिहिणाऱ्यांविषयीचा आदर वाढला.

त्याच कर्नेलमध्ये शोधणाऱ्याला चकवणाऱ्या जागाही आहेत. फाइल उघडण्याचं काम करणारा सिस्टिम कॉल कुठे लिहिला आहे, हे पाहायला नवखा माणूस ‘सिस-अंडरस्कोर-ओपन’ असं पूर्ण नाव टाकून शोधतो. या नावाची घोषणा सापडते, वापर सापडतात, पण फंक्शन सापडत नाही. ते ‘एफएस’ डिरेक्टरीतल्या ‘ओपन डॉट सी’ या फाइलीत ‘सिस्कॉल डिफाइन’ नावाच्या मॅक्रोने सुरू होतं. मॅक्रोच्या कंसात नुसतं ‘ओपन’ असतं आणि त्याच्या आधीचा ‘सिस’ कंपायलर चालताना चिकटवला जातो. पूर्ण नाव त्या जागी कुणी टाइप केलेलंच नाही. 1991 मध्ये सुमारे 10 हजार ओळींनी सुरू झालेला हा कोड आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे; त्यात असे अनेक जोडशब्द आहेत. सीटॅग्ज, सीस्कोप, एलिक्सिर अशी कोडचं व्याकरण जाणणारी साधनं इथे मदत करतात. तरीही नाव तुकड्यातुकड्यांनी शोधून पाहण्याची सवय मला अधिक भरवशाची वाटते. पूर्ण नाव सापडलं नाही तर आधी उपसर्ग काढा, मग प्रत्यय काढा.

सगळ्यात चांगला धागा असतो तो एरर मेसेजचा, कारण ते शब्द लिहिणाऱ्यानेच दिलेले असतात. त्यातला फाइलीचं नाव, आकडा, तारीख असा बदलता भाग वगळून उरलेला मजकूर शोधायचा. पोस्टग्रेसमध्ये तर याहून मोठी सोय आहे. पीएसक्यूएलमध्ये व्हर्बॉसिटी वाढवली की प्रत्येक चुकीच्या संदेशाखाली तो कोणत्या फाइलीतून, कोणत्या फंक्शनमधून आणि कितव्या ओळीवरून आला, हे छापून येतं. डेटाबेस आपल्या घराचा पत्ता स्वतःहून सांगतो. ज्यांना कोड वाचायला कुठून सुरुवात करावी असं विचारायचं असतं, त्यांना मी हेच सांगतो: पोस्टग्रेस बसवा, मुद्दाम एक चूक करा आणि त्या ओळीवर जा.

पोस्टग्रेसचं नाव निघालंच आहे तर दस्तऐवजांकडे वळतो. कोड ‘काय’ आणि ‘कसं’ सांगतो, ‘का’ हे बहुधा दुसरीकडे लिहिलेलं असतं, आणि ती दुसरीकडची जागा शोधणं हेही तितकंच कसबाचं काम आहे. पोस्टग्रेसमध्ये ती जागा कोडच्या अगदी शेजारी आहे. बी-ट्री इंडेक्सचा कोड ज्या डिरेक्टरीत आहे, तिथेच एक रीडमी फाइल आहे. लेहमन आणि याओ यांच्या 1981 च्या निबंधातली पद्धत आम्ही कशी वापरली, कुठे तिच्यापासून दूर गेलो आणि का गेलो, हे तिथे सलग गद्यात सांगितलं आहे. ती फाइल चांगल्या अध्यापकाच्या व्याख्यानासारखी वाचता येते. अशा फाइली प्रोग्रामच्या संकेतस्थळावरच्या दस्तऐवजात नसतात. त्या वाचायच्या तर कोडपर्यंतच जावं लागतं.

युनिक्सची पहिली नियमपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 या तारखेची. आजच्या मॅन पेजेसची ठेवण तिच्यातूनच आली, आणि तिच्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक आज्ञेच्या पानावर तिच्या ज्ञात उणिवांसाठी ‘बग्ज’ असा स्वतंत्र मथळा ठेवलेला होता. काय चालतं याच्याइतकंच काय चालत नाही, हेही लिहिणाऱ्यानेच लिहून ठेवायचं. मॅन पेज उघडलं की बहुतेक जण वरच्या दहा ओळी वाचून थांबतात. तुमचा प्रश्न जर ‘हे असं का वागतंय?’ असा असेल, तर खालून वर वाचा. आणि आज्ञेचं नावच माहीत नसेल, तर ‘ॲप्रोपो’ ही आज्ञा वर्णनांतल्या शब्दांवरून नावं काढून देते. इथेही पुन्हा शब्दाचा अंदाज आलाच: ‘डिलीट’ शोधून भागलं नाही तर ‘रिमूव्ह’ किंवा ‘अनलिंक’ शोधायचं.

कोडच्या आजच्या रूपात उत्तर नसेल, तर ते कालच्या रूपात असतं. गिट ब्लेम एकेक ओळ कोणत्या कमिटमध्ये आली हे दाखवतं. गिट लॉगला ‘एस’ हा पर्याय दिला की एखादा शब्द कोडमध्ये कधी आला आणि कधी गेला, हे कळतं. पुसून टाकलेली ओळ शोधायची हीच वाट, म्हणून हा पर्याय मी विद्यार्थ्यांना सगळ्यांत आधी शिकवतो. कर्नेलमध्ये मात्र अशा शोधात एक भिंत लागते. जुन्या ओळींचा माग काढत गेलं की सगळे धागे 16 एप्रिल 2005 च्या एकाच कमिटवर येऊन थांबतात. त्या महिन्यात लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं आणि मागचा इतिहास सोबत न घेता तेव्हाचा कोड जसा होता तसा त्यात भरला. त्याआधीच्या नोंदी लोकांनी वेगळ्या रेपोंमध्ये जुळवून ठेवल्या आहेत. भिंतीपलीकडे जायचं तर आधी तिथे भिंत आहे हे ओळखावं लागतं. त्या कमिटवर ज्यांचं नाव दिसतं, त्यांनी त्या सगळ्या ओळी लिहिलेल्या नाहीत.

आता एक जरा कठीण उदाहरण. शब्द सापडला म्हणजे अर्थ सापडला असं समजलं की काय होतं, हे ते दाखवतं. 2006 मध्ये डेबियनमधल्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीवर व्हॅल्ग्रिंड हे तपासणीचं साधन तक्रार करत होतं: किंमत न भरलेली मेमरी वाचली जाते आहे. तक्रार यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या फाइलीतल्या ओळींकडे बोट दाखवत होती. त्या फाइलीत हुबेहूब सारखी दिसणारी ओळ दोन ठिकाणी होती. एका ठिकाणी ती काढली तर फारसं बिघडत नव्हतं. तिच्याभोवती तशी अटही लिहिलेली होती, प्युरिफाय हे तसंच एक साधन वापरताना ती वगळता यावी म्हणून. दुसऱ्या ठिकाणची तीच ओळ मात्र बाहेरून आलेली सगळी यादृच्छिकता आत मिसळण्याचं काम करत होती. दोन्ही ओळी कॉमेंट करून बंद केल्या गेल्या. मग तिच्यातून बनणाऱ्या कूटलेखनाच्या किल्ल्यांमध्ये फरक पाडणारी प्रोसेस क्रमांकासारखी एकच गोष्ट उरली आणि तिच्या शक्यता जेमतेम 32,768. मे 2008 मध्ये लुचिआनो बेयो यांच्या लक्षात येईपर्यंत डेबियन आणि तिच्यावर उभ्या असलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर अशा अंदाज करता येण्याजोग्या किल्ल्या बनत राहिल्या. बदल करणाऱ्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याने विचारपूस करून, चांगल्या हेतूने ते केलं होतं. ग्रेपच्या उत्तरात त्या दोन ओळी एकाखाली एक आल्या तर त्यांच्यात काहीच फरक दिसत नाही. फरक दिसतो तो वरच्या आणि खालच्या वीस ओळी वाचल्यावर. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक सरावात सापडलेली ओळ ज्या फंक्शनमध्ये आहे, ते अख्खं फंक्शन वाचायला सांगितलं आहे.

आणि काही वेळा शोधायची गोष्ट रेपोत नसतेच. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकासकाला एसएसएचने लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ जातोय असं आढळलं. तेवढ्यावर न सोडता ते मागे लागले आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रोग्रामपर्यंत पोचले. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली निघाली. मुख्य मजकूर चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींत दडवलेला होता. तो बाहेर काढणारी स्क्रिप्ट तर गिटमध्ये नव्हतीच, फक्त वितरणाच्या टारबॉलमध्ये होती. रेपोत कितीही ग्रेप मारला असता तरी ती सापडली नसती. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. काही शोधून मिळालं नाही की ‘नाही’ असं म्हणण्याआधी मी नेमकं कुठे शोधलं, हे लिहून काढतो: रेपोत की टारबॉलमध्ये, कोणत्या शाखेवर, कोणत्या आवृत्तीत, बायनरी फाइली धरून की सोडून. रिपग्रेप सांगितल्याशिवाय बायनरी फाइली, लपलेल्या फाइली आणि गिटने दुर्लक्षायला सांगितलेल्या फाइली सोडून देतो. ही सोय आहे, पण ती ठाऊक नसली तर फसगत होते.

मराठीतून काम करणाऱ्यांची एक अडचण इथेच सांगून ठेवतो, कारण इंग्रजी पुस्तकांत ती मिळणार नाही. ‘करणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ या शब्दांतला आडव्या रेघेचा अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, त्याला हलन्त जोडून तो लिहिता येतो. साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असाही लिहिता येतो. र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही ऱ घडतो. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. ग्रेप बाइट ताडून पाहतो, त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. एकाच भाषांतरावर वेगवेगळ्या कीबोर्डवरून अनेकांनी काम केलं की एका फाइलीत हे सगळे प्रकार भेटतात, आणि ‘सगळीकडे शब्द बदलला’ असं समजून आपण निश्चिंत होतो तेव्हा अर्ध्या जागी जुनाच शब्द राहिलेला असतो. पर्याय कसे एकत्र शोधायचे, याचा नमुना भाषांतराच्या प्रकरणात दिला आहे. बरेच दिवस या कामात घालवल्यानंतर माझं मत असं झालं आहे की मराठी भाषांतराच्या पीओ फाइलींवर काम सुरू करण्याआधी गटाने र कोणत्या पद्धतीने लिहायचा, हे ठरवून घ्यावं.

प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. मात्र पहिला सराव सोडू नका. रोज वापरात असलेला एखादा मुक्त प्रोग्राम घ्या, त्याचा कोड उतरवा, पडद्यावर दिसणारं एक वाक्य निवडा आणि ते कोणत्या फाइलीत लिहिलं आहे ते शोधून काढा. पहिल्या खेपेला बहुधा काही सापडणार नाही. तेव्हा मेनू पुन्हा उघडा आणि कोणत्या अक्षराखाली रेघ आहे ते पाहा.